ईडिपसचं नेमकं चुकलं काय? (शोकांतिकेच्या संज्ञा आणि एक नाटक)

निळा पारवा (धागाकर्ता)

आमच्या वाचनगटाने यंदा ग्रीक शोकांतिका घ्यायच्या ठरवल्या. सुरुवात अर्थातच सोफोक्लीसच्या 'राजा ईडिपस'ने. वाचून झालं, भारावून झालं, पण चर्चेला बसल्यावर गाडी संज्ञांपाशी अडकली. गटातल्या दोघी इंग्रजी घेऊन एमए झालेल्या. त्यांच्या जुन्या नोट्समध्ये हमार्शिया, पेरिपेटिया, अनॅग्नोरिसिस, ह्यूब्रिस, कॅथार्सिस अशी माळ आणि प्रत्येकीपुढे एका ओळीची व्याख्या. त्या हिशेबाने ईडिपस गर्विष्ठ आणि शीघ्रकोपी होता म्हणून बुडाला, आणि प्रेक्षक रडून शुद्ध होऊन घरी गेले.

मला हे पटत नाही. आपल्या हातून बापाचा खून होणार असं डेल्फीच्या देववाणीतून कळल्यावर जो माणूस तो टाळण्यासाठी घरदार सोडतो, गावावर रोगराई आली की दिवसरात्र तिच्या मुळाशी जायचा प्रयत्न करतो, त्याचा 'दोष' शोधायचा तरी कुठे? आणि दोष सापडत नसेल तर हमार्शिया म्हणजे काय? कोरसच्या, म्हणजे नाटकात गाणाऱ्या-नाचणाऱ्या समूहाच्या, गाण्यांचं काय करायचं हाही प्रश्न आहेच. खरं सांगायचं तर आम्ही बहुतेकांनी ती पानं भराभर उलटली.

जाणकारांनी लिहावं. टिंगल केलीत तरी चालेल, पण नाटक वाचून करा.

खडूशास्त्री

चांगला धागा. हमार्शियापासूनच सुरू करतो, कारण सगळा घोळ तिथेच आहे.

काव्यावरच्या 'पोएटिक्स' या ग्रंथाच्या तेराव्या प्रकरणात ॲरिस्टॉटल एकेक शक्यता बाद करत जातो. अगदी सज्जन माणूस सुखातून दुःखात पडला तर बघणाऱ्याला नुसता धक्का बसतो, मन विटतं. दुर्जनाचं भलं झालं तर त्यात शोकांतिकेचं काहीच नाही. नीच माणूस खड्ड्यात गेला तर बरं वाटेल, पण करुणा वाटणार नाही की भीती वाटणार नाही. मग उरतो मधला माणूस. तो सद्गुणांचा पुतळा नाही, पण त्याचं पतन दुष्टपणामुळे होत नाही, एका मोठ्या हमार्शियामुळे होतं. उदाहरण म्हणून जी नावं घेतली आहेत त्यांत पहिलं ईडिपसचं.

आता वाक्याची बांधणी बघा. 'दुष्टपणामुळे नव्हे, तर हमार्शियामुळे.' हमार्शिया हा स्वभावाचा डाग असता तर हे दोन भाग असे समोरासमोर उभे केले नसते. होमरच्या काव्यात भाला नेम चुकून गेला की याच धातूचं क्रियापद येतं. कृती हातून घडते, पण लागते भलतीकडेच. ईडिपस तिठ्यावर एका उर्मट म्हाताऱ्याला मारतो, आणि तो म्हातारा त्याचा बाप असतो. तो थीब्सच्या विधवा राणीशी लग्न करतो, आणि ती त्याची आई असते. कोणाच्या बाबतीत काय करतो आहोत, हेच त्याला ठाऊक नाही. हमार्शिया एवढीच, आणि एवढी मोठी.

मग 'स्वभावदोष' आला कुठून? शेक्सपिअर शिकवण्याच्या परंपरेतून. इंग्रज समीक्षक ब्रॅडलीची शेक्सपिअरच्या शोकांतिकांवरची व्याख्यानं १९०४ साली छापली गेली. त्यांत नायकाच्या स्वभावातली एकच ओढ त्याला कशी घेऊन बुडते याचं फार प्रभावी विवेचन आहे. हॅम्लेट, मॅकबेथ यांना ते शोभतंही. पुढे तेच भिंग उलट्या दिशेने ग्रीकांवर धरलं गेलं. ई. आर. डॉड्स यांनी १९६६ साली 'राजा ईडिपस'च्या गैरसमजांवर एक निबंध लिहिला, तो मिळाला तर जरूर वाचा. ऑक्सफर्डच्या परीक्षेतले पेपर तपासून वैतागलेल्या प्राध्यापकाचा आहे, त्यामुळे भाषेला धार आहे.

आणि ह्यूब्रिस! ही संज्ञा 'पोएटिक्स'मध्ये शोकांतिकेचा घटक म्हणून येतच नाही. अथेन्समध्ये ह्यूब्रिस हा खटला भरण्यासारखा गुन्हा होता. दुसऱ्याची बेअब्रू करायची, आणि तीही त्यातून मजा मिळते म्हणून. हे ईडिपसला कुठे लागू पडतं?

चहाबाज

थोडक्यात, ईडिपसने निघण्यापूर्वी नकाशा नीट बघितला नाही.

(पळतो.)

निळा पारवा

@खडूशास्त्री सर, पटलं. पण एक शंका राहतेच. तिठ्यावर तो एकाला नाही, जवळजवळ सगळ्या लवाजम्याला मारतो. टायरेसियससारख्या आंधळ्या ज्योतिष्याच्या अंगावर ओरडतो. राणीचा भाऊ क्रेऑन, त्याला पुराव्याशिवाय कटवाला ठरवून मोकळा होतो. एवढा राग हिशेबातच धरायचा नाही?

खडूशास्त्री

धरायचा, पण त्याच्या जागी. तो रागीट आहे हे सोफोक्लीसनेच दाखवलं आहे. ॲरिस्टॉटलने शोकांतिकेचे सहा घटक सांगितलेत: कथानक, स्वभाव, विचार, भाषा, संगीत आणि दृश्य. त्यात स्वभावाचा मान दुसरा आहे. कथानक पहिलं, त्याला तो शोकांतिकेचा आत्मा म्हणतो. रागामुळे संवादाला गती येते आणि माणूस खरा वाटतो. पण समजा ईडिपस शांत डोक्याचा असता आणि त्या म्हाताऱ्याशी, म्हणजे लायसशी, झटापट स्वसंरक्षणापुरतीच झाली असती. (तसाही रस्त्यावरून ढकलणं आणि डोक्यात काठी घालणं समोरूनच सुरू झालं होतं.) तरी मेलेला माणूस बापच होता ना? राग वजा केला तरी दैवाची गोळाबेरीज बदलत नाही.

अनुस्वार

वरच्या चर्चेत पेरिपेटिया (पालट) आणि अनॅग्नोरिसिस (ओळख पटणं, सत्य कळणं) मागे पडले. माझ्या मते या नाटकाची खरी कारागिरी तिथे आहे, त्यामुळे जरा लांबण लावते.

पेरिपेटिया म्हणजे केवळ 'वाईट दिवस येणं' नाही. एखादी कृती ज्या हेतूने केली जाते त्याच्या बरोबर उलट फळ ती देते, तो क्षण. अकराव्या प्रकरणातलं उदाहरण याच नाटकातलं आहे. कॉरिंथहून, म्हणजे ज्या पॉलिबस राजाला ईडिपस बाप समजतो त्याच्या राज्यातून, दूत येतो. बातमी म्हटली तर आनंदाची: पॉलिबस वारले, आता राज्य तुमचं. ईडिपसला हायसं वाटतं, बाप तर आपोआप गेला. पण आई अजून आहे, त्या भाकिताचा दुसरा भाग (आईशी लग्न) बाकी आहे, म्हणून तो कॉरिंथला परतायला घाबरतो. दूत भला माणूस. त्याला वाटतं, याची भीती कायमची घालवावी. म्हणून सांगून टाकतो की ती तुझी आई नव्हेच, मीच तुला तान्हेपणी सिथेरॉनच्या डोंगरात एका मेंढपाळाकडून घेतलं होतं, तुझे घोटे टोचलेले होते. भीती काढायला आलेला माणूस भीती खरी करून जातो. यात कोणाचाही दुष्टावा नाही.

आता या प्रसंगात रंगमंचावर कोण उभं आहे ते बघा. जोकास्टा, त्याची राणी. दूत आणि ईडिपस घोट्यांबद्दल बोलत असताना ती एक शब्दही बोलत नाही. तिला आधी कळतं. मग ती ईडिपसला विनवते की हा शोध इथेच थांबव. त्याला वाटतं, मी कुणा गुलामाच्या पोटचा निघेन म्हणून राणीला लाज वाटते आहे. ती आत निघून जाते. म्हणजे एकाच प्रसंगात दोन अनॅग्नोरिसिस आहेत, एक घडून गेलेलं आणि एक अजून व्हायचं. मधली पंधरावीस मिनिटं आपण जोकास्टाच्या बाजूला आणि नायक पलीकडे. वाचताना हे निसटतं, कारण गप्प बसलेलं पात्र कागदावर दिसत नाही. प्रयोगात तुमची नजर तिच्यावरून हलत नाही.

ड्रॅमॅटिक आयरनीची (पात्राला न कळलेलं प्रेक्षकाला ठाऊक असण्याची) उदाहरणं तर पानोपानी. माझी आवडती दोन. लायसला दरोडेखोरांनी मारलं असं क्रेऑन अनेकवचनात सांगतो, आणि लगेच पुढच्या प्रश्नात ईडिपस 'दरोडेखोर' एकवचनात म्हणतो. दुसरं, खुन्याला शाप देताना तो म्हणतो की मी लायससाठी असा लढेन जणू तो माझाच बाप होता. अथेन्सच्या प्रेक्षकांना गोष्ट आधीच ठाऊक होती. 'पुढे काय होणार' हा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता. याला कधी आणि कसं कळणार, यासाठी ते बसले होते.

ओळख पटण्याचे प्रकारही ॲरिस्टॉटलने सोळाव्या प्रकरणात सांगितलेत. अंगावरची खूण, दागिना यांनी पटलेली ओळख सगळ्यांत कमी कलात्मक. घटनांच्या ओघातून आपोआप पटलेली सर्वांत वरची. या मोजपट्टीवर कालिदासाच्या शाकुंतलातली अंगठी बिचारी तळाला जाते. मला ते मान्य नाही. ती अंगठी ओळख पटवते तेव्हा शकुंतला समोर नसते, दुष्यंताला नुसता पश्चात्ताप हातात मिळतो. तिथे खूण हा सोपा मार्ग ठरत नाही, तीच शिक्षा होते. पण संस्कृत नाटकात ओळख पटल्यावर पुनर्मीलन होतं, ग्रीक नाटकात ओळख पटली की घर कोसळतं. एकच सांधा, दार मात्र दोन दिशांना उघडतं.

हौशी नट

@अनुस्वार +१. जोकास्टाच्या गप्प बसण्याबद्दल लिहिलंत ते तालमीला कामाचं आहे. वाचनखूण साठवली.

आडगावचा मास्तर

आमचा शंकेखोर प्रश्न. ईडिपस इतकी वर्षं थीब्सचा राजा, राणीला त्याच्यापासून चार मुलं. आधीचा राजा कसा, कुठे मेला हे त्याने एकदाही विचारलं नाही? जोकास्टानेही सांगितलं नाही? घोट्यावरचे वण बघूनही? आमच्या गावात नव्या सरपंचाला जुन्याची कुंडली पहिल्या आठवड्यात पाठ असते.

अनुस्वार

मास्तर, हा आक्षेप तुमच्या आधी ॲरिस्टॉटलने घेतला आहे. 😀 त्याचं उत्तर असं की अशक्य वाटणारी गोष्ट कथेत नसलेलीच बरी, पण असलीच तर ती नाटकाच्या बाहेर असावी. आणि उदाहरण हेच देतो, लायस कसा मेला हे ईडिपसला माहीत नसणं. पडदा उघडण्यापूर्वीचं आपण मान्य करून टाकतो. एकदा नाटक सुरू झालं की मात्र प्रत्येक पाऊल आधीच्या पावलातून निघालं पाहिजे. सोफोक्लीस तिथे एकही फट ठेवत नाही.

(पडदा तिथे नव्हताच, सवयीने लिहिलं.)

ओसरी

कोरसची पानं भराभर उलटली हे वाचून जीव कळवळला. पारवा, तुम्ही अर्धं नाटक सोडलंत.

ग्रीक शोकांतिका दोन प्रकारच्या पद्यांत चालते. पात्रांचं बोलणं आयॅम्बिक वृत्तात, जे रोजच्या बोलण्याच्या सर्वांत जवळचं असं ॲरिस्टॉटल म्हणतो. कोरसची गाणी निराळ्या, अवघड वृत्तांत, आणि त्यांची भाषासुद्धा थोडी निराळी, डोरियन वळणाची. म्हणजे अथेन्सच्या माणसाच्या कानाला बोलणं कुठे संपलं आणि गाणं कुठे सुरू झालं हे वृत्तावरून आणि बोलीवरूनही कळत असे. मराठी माणसाला हे समजायला जड जाऊ नये. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचं संगीत शाकुंतल आलं तेव्हापासून गद्य थांबतं आणि पद सुरू होतं, याची आपल्याला सवय आहे. फरक एवढाच की आपल्याकडे पद बहुतेक वेळा पात्राचं असतं, तिथे पंधरा जणांच्या समूहाचं. (आधी बारा असत. पंधरा सोफोक्लीसने केले आणि तिसरा नटही त्यानेच आणला असं सांगतात.)

गाण्याची रचना स्ट्रोफी आणि अँटिस्ट्रोफी अशा जोड्यांची. दोन्हींचं वृत्त मात्रेला मात्रा जुळणारं. अनुवादात नेमकं हेच मरतं, कारण वृत्त गेलं की उरतात फक्त देवांची लांबलचक नावं. म्हणून कंटाळा येतो, त्यात तुमचा दोष नाही. निदान एक करा: दोन जोडकडवी शेजारी शेजारी ठेवून मोठ्याने वाचा, आणि पहिल्यातलं मागणं किंवा चित्र दुसऱ्यात कसं उलटतं ते बघा.

आणि दुसरं स्टॅसिमन (कोरसचं गाणं) चुकवू नका. जोकास्टा 'देववाण्या खोट्या असतात' असं बोलून गेल्यानंतरचं. ह्यूब्रिसमधून जुलमी राजा जन्मतो हे वाक्य इथलं, आणि ते कोणाबद्दल आहे यावर विद्वान आजही भांडतात. पण माझा जीव अडकतो त्यापुढच्या ओळीत. असली कृत्यं जर मानाने मिरवणार असतील तर आम्ही नाचायचं तरी कशाला, असं कोरस विचारतो. हे म्हणणारी माणसं त्या क्षणी डायोनायससच्या उत्सवात, त्याच्याच रंगमंदिरात खरोखर नाचत आहेत. पात्र म्हणून ते थीब्सचे वृद्ध, प्रत्यक्षात अथेन्सचे नागरिक. प्रश्न दोन्हीकडून येतो. याला कोणती संज्ञा लावायची ते तुम्हीच ठरवा, मला नाव नसलं तरी चालतं.

आपल्याकडे समूहाला असा वापर मिळाला तो 'घाशीराम कोतवाल'मधल्या माणसांच्या भिंतीला (१९७२). तीही गाते, नाचते, साक्षी असते आणि सामीलही असते. फक्त ती भिंत काही लपवते, आणि ग्रीक कोरस सगळं उघड बोलून टाकतो.

पडदानशीन

ओसरीताई, काय लिहिलंय!

मी जर्मनीत असते. गेल्या उन्हाळ्यात एपिडॉरसच्या प्राचीन रंगमंदिरात ग्रीक शोकांतिकेचा प्रयोग पाहिला. भाषा आधुनिक ग्रीक, मला ओ की ठो कळत नव्हती. वर्तुळाकार मोकळ्या जागेत कोरस, मागे पात्रं. गंमत अशी की मृत्यू एकही दिसत नाही, दूत येऊन सांगतो. आणि ते सांगणंच सगळ्यांत भयानक. 'राजा ईडिपस'मध्येही जोकास्टाचा गळफास आणि तिच्याच वस्त्राच्या सोन्याच्या टाचण्यांनी डोळे फोडून घेणं हे आपण फक्त ऐकतो. दिसतो तो नंतरचा ईडिपस.

रसिकमोहन

एवढी ग्रीक नावं कशाला? भरतमुनींनी हे सगळं आधीच सांगून ठेवलंय. कॅथार्सिस म्हणजे आपला करुण रस. विषय संपला.

खडूशास्त्री

विषय इतक्या लवकर संपवू नका, मोहनराव. दोन्हीकडचं नुकसान होतं.

कॅथार्सिस ही संज्ञा 'पोएटिक्स'मध्ये शोकांतिकेच्या व्याख्येत येते आणि तिचं स्पष्टीकरण कुठेच मिळत नाही. 'पॉलिटिक्स'च्या आठव्या भागात संगीताच्या संदर्भात तो ती वापरतो आणि म्हणतो, काव्यावरच्या ग्रंथात नीट सांगेन. ते सांगणं आपल्यापर्यंत पोचलेलं नाही. म्हणून जर्मन नाटककार लेसिंगने नैतिक शुद्धी असा अर्थ लावला, तर जर्मन अभ्यासक बर्नाइसने १८५७ साली वैद्यकातला, पोट साफ करण्यासारखा. आपल्या 'विरेचन' या प्रतिशब्दाने बर्नाइसची बाजू घेतलेली आहे. मागे प्लेटो उभा आहेच. काव्य भावनांना खतपाणी घालतं म्हणून त्याने कवींना नगराबाहेर काढलं होतं, त्याला हे उत्तर असावं असं अनेकजण मानतात.

रस ही वेगळी चीज. तिथे भावना 'बाहेर जात' नाही, तिचा आस्वाद घेतला जातो. भरताचा भाष्यकार अभिनवगुप्त याच्या मते करुणाचाही शेवट आनंदातच. शिवाय करुण रसाचा स्थायी भाव शोक, आणि भय हा भयानक रसाचा स्थायी, म्हणजे दोघांचे संसार वेगळे. ॲरिस्टॉटलच्या जोडीत दोन्ही एकत्र हवेत: दुसऱ्यासाठी करुणा, आणि हे आपल्यावरही येऊ शकतं म्हणून भीती.

पण भरताची एक गोष्ट इथे खरंच उपयोगी आहे. विप्रलंभ (विरहाच्या) शृंगारात भेटीची आशा असते, करुणात ती उरलेली नसते, असा भेद नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात केला आहे. शाकुंतलाचा मधला भाग कितीही रडवणारा असला तरी तो विप्रलंभच. भासाचं 'ऊरुभंग' मात्र बघा. मांड्या मोडलेला दुर्योधन, मांडीवर बसायला आलेला छोटा मुलगा. तिथे आशा नाही.

हौशी नट

आता मराठीवर या की! 'नटसम्राट' (१९७०) मध्ये बेलवलकर सगळी इस्टेट मुलांना वाटून टाकतो. खडूशास्त्रींच्या व्याख्येने हीच हमार्शिया ना? कृती प्रेमाने केली आणि लागली भलतीकडे. शेक्सपिअरच्या लिअरसारखीच.

'एकच प्याला' (१९१९) चं काय करायचं? सुधाकर हुशार, मानी वकील. सनद काही काळापुरती जाते, अपमान सहन होत नाही, तळीराम पहिला प्याला पुढे करतो. इथे तर सरळ स्वभावच आडवा येतो की.

अनुस्वार

गडकऱ्यांनी शेक्सपिअर मुरवलेला होता, त्यामुळे सुधाकरला ब्रॅडलीचं भिंग चालेल. मला त्यात वेगळंच दिसतं. सुधाकरला अनॅग्नोरिसिस लवकर होतं. आपण कुठे चाललो आहोत हे त्याला कळतं, तो दारू सोडायचं ठरवतो, आणि पुन्हा पितो. ईडिपसला न कळल्यामुळे घात होतो, सुधाकरचा कळूनही. ॲरिस्टॉटलच्या चौकटीत याला जागा नाही. कळलं की पालटलं, असंच त्याने गृहीत धरलंय.

निळा पारवा

सगळ्यांचे आभार. ओसरीताई, दुसरं स्टॅसिमन काल दोघादोघांत वाटून मोठ्याने वाचलं. नाचण्याच्या ओळीवर सगळे थांबले.

गटात आता 'अँटिगनी' सुरू केलंय. क्रेऑनपाशी हमार्शियाचा वाद पुन्हा पेटलाय. एक बाजू म्हणते, तो हट्टी आणि सत्तेने माजलेला, इथे स्वभावदोष मानावाच लागेल.

खडूशास्त्री

हट्टीपणा नाकारता येणार नाहीच. पण शेवटाकडे जा. टायरेसियस बोलून गेल्यावर क्रेऑन हादरतो, वाकतो, काय करू म्हणून कोरसला विचारतो. ते सांगतात, आधी अँटिगनीला त्या गुहेतून सोडव, मग उघड्यावर पडलेल्या प्रेताला मूठमाती दे. तो लगबगीने निघतो. नंतर दूत काय हकीकत सांगतो ती ओळीने वाचा. त्यांनी आधी तिच्या भावाचं, पॉलिनायसीसचं, प्रेत धुतलं, जाळलं, त्यावर मातीचा ढीग रचला, आणि मग गुहेकडे गेले.